आवाजाचे गिऱ्हाईक : सोलापूरची बाजारपेठ आणि स्वतंत्र आवाज कलाकार

जाहिरात, माहितीपट, दूरध्वनीवरच्या सूचना, ध्वनिपुस्तक किंवा दुसऱ्या भाषेतून आलेला चित्रपट यांसाठी पडद्यामागून आवाज देणाऱ्या व्यक्तीला आवाज कलाकार किंवा रोजच्या व्यवहारात व्हॉइस आर्टिस्ट म्हणतात. ती कोणत्याही संस्थेच्या पगारावर नसून कामागणिक मानधन घेत असेल, तर ती स्वतंत्र आवाज कलाकार ठरते. या व्यवसायात उतरणाऱ्यांची बहुतेक तयारी उच्चार, श्वास आणि वाचन यांवर खर्च होते, आणि काम देणारा माणूस कोठे बसतो, तो नेमके काय शोधत असतो, त्याच्या कानापर्यंत आपला आवाज कसा न्यायचा, या प्रश्नांकडे लक्ष जाते ते हाती काम नसताना. मुंबईत अंधेरी परिसरातील स्टुडिओंच्या वर्दळीत हा उशीर एक वेळ खपतो, कारण तेथे एका ओळखीतून दुसरी ओळख निघत राहते. सोलापुरात तो खपत नाही. येथे आवाजाची गरज आहे, पण ती कापड कारखाना, रुग्णालय, सहकारी बँक, शिकवणी वर्ग, साखर कारखाना, देवस्थान अशा अनेक ठिकाणी विखुरलेली आहे, आणि यांपैकी प्रत्येकाला ती वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच भासते. म्हणून सोलापूरच्या कलाकाराला आवाज कमावण्याइतकेच कष्ट गिऱ्हाईक शोधण्यावर घ्यावे लागतात.

पूर्वी हे कष्ट प्रसारण संस्था घेत असे. विविध भारतीची सेवा १९५७ साली सुरू झाली आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथून तिच्यावर व्यापारी जाहिराती वाजू लागल्या. त्याआधी रेडिओ सिलोनवर १९५२ साली सुरू झालेल्या बिनाका गीतमालेने अमीन सायानी यांचा आवाज घराघरांत नेला होता, आणि त्या ओळखीच्या बळावर जाहिराती त्यांच्याकडे चालत आल्या. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर प्रदीप भिडे यांच्यासारखे वृत्तनिवेदक मराठी माणसाच्या रोजच्या सायंकाळचा भाग बनले व त्यांच्या आवाजाला बातम्यांपलीकडेही मागणी आली. या पिढीला स्वतःची जाहिरात वेगळी करावी लागली नाही, कारण रोज ठरलेल्या वेळी लाखो लोक ऐकत असल्याने प्रसारण हीच जाहिरात होती. सोलापुरात आकाशवाणीचे केंद्र हा तसा मार्ग होता आणि काही अंशी आजही आहे. आवाज चाचणी उत्तीर्ण होऊन नैमित्तिक उद्घोषक म्हणून, म्हणजे कायम नोकरीविना पाळीपुरते बोलावले जाणारे निवेदक म्हणून काम केलेल्या व्यक्तीच्या उच्चारांबद्दल स्थानिक गिऱ्हाईक सहसा शंका घेत नाही. तथापि खासगी एफएम वाहिन्या, दूरचित्रवाणीच्या असंख्य वाहिन्या आणि मोबाइलवरचे व्हिडिओ यांत श्रोता विभागला गेल्यामुळे एका केंद्रावरील ओळखीवर पोट भरण्याचे दिवस संपले आहेत.

दुसरा बदल अंतराचा आहे. सोलापूरने रंगभूमीला व चित्रपटाला मोठी माणसे दिली: गायिका-अभिनेत्री फैय्याज याच शहरातल्या, जब्बार पटेल यांचे शालेय शिक्षण येथले, अतुल कुलकर्णी येथल्या नाट्य आराधना या संस्थेत घडले. या सर्वांना कामासाठी पुणे-मुंबई गाठावी लागली. आवाजाच्या कामातही तेच होते, कारण ध्वनिमुद्रणाची यंत्रे तेथे होती आणि पाच मिनिटांच्या चाचणीसाठीसुद्धा सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये रात्र काढावी लागे. १० फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत गाडीने हा प्रवास सुमारे साडेसहा तासांवर आला. पण खरा फरक घरातल्या ध्वनिमुद्रणाने आणि इंटरनेटने पाडला, कारण आता माणूस सोलापुरात राहतो आणि त्याची चाचणी मुंबईला जाते. या सोयीला दुसरी बाजूही आहे, आणि तिचा विचार फार कमी जण करतात. सोलापूरचा आवाज ज्या मार्गाने मुंबईला पोहोचतो, त्याच मार्गाने मुंबईचा आवाज नवी पेठेतल्या दुकानदारापर्यंत येतो. अशा वेळी मुंबईच्या आवाजाची नक्कल करून उभे राहणारा सोलापूरकर दोन्ही बाजारांत दुय्यम ठरतो, आणि बाहेरच्या कलाकाराजवळ नसलेले काही ज्याच्याजवळ आहे, त्याला मात्र दोन्हीकडे जागा मिळते.

असे सोलापूरजवळ काय आहे, याचे पहिले उत्तर भाषा हे आहे. विणकामाच्या निमित्ताने तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजामुळे शहराच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलली जाते. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांत कन्नड सहज कानावर येते. दखनी वळणाची उर्दू बाजारपेठेत नांदते. आणि या सर्वांच्या शेजारी सोलापुरी मराठी आहे, जिच्यात ‘काय करायलास’ असा प्रश्न विचारला जातो. शाळेत मराठी आणि घरात तेलुगू वा कन्नड बोलत वाढलेल्या हजारो तरुणांना ही द्वैभाषिकता इतकी अंगवळणी पडलेली असते, की तिला बाजारात मोल आहे हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. प्रत्यक्षात चिंचोळी आणि अक्कलकोट रस्ता येथील औद्योगिक वसाहतींत यंत्राजवळ काम करणाऱ्या कामगारांसाठी सुरक्षेच्या सूचना ध्वनिमुद्रित करायच्या, तर त्या एकाच भाषेत करून भागत नाही. रुग्णालयाला नोंदणी, तपासणी आणि औषधांच्या सूचना रुग्णाला समजतील अशा हव्या असतात. शहरातून निघणाऱ्या चादरी, टॉवेल आणि शालेय गणवेश यांचे खरेदीदार कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तेलंगणातही आहेत. अशा ठिकाणी मराठी, तेलुगू व कन्नड अशा तिन्ही ध्वनिफिती एकाच सुरात, एकाच हमीवर देऊ शकणारा कलाकार किंवा परस्परांशी जुळवून घेतलेली तीन कलाकारांची फळी हा प्रस्ताव गिऱ्हाइकाला महानगरातून सहजासहजी मिळत नाही.

हीच गोष्ट डबिंगची, म्हणजे पडद्यावरील पात्राच्या ओठांच्या हालचालींना दुसऱ्या भाषेतले संवाद जुळवून बोलण्याच्या कामाची. मराठी प्रेक्षक हिंदी सहज समजतो या गृहीतकामुळे मराठी डबिंग दीर्घकाळ उपेक्षित राहिले. अलीकडच्या काळात मात्र दाक्षिणात्य चित्रपट मराठीत आणून दाखवणाऱ्या वाहिन्या निघाल्या, आणि ‘बाहुबली’सारखा तेलुगू चित्रपटही मराठीत आला. मूळ तेलुगू संवादातला राग, लाडिकपणा किंवा टोमणा भाषांतराच्या कागदावर उतरतोच असे नाही. तो मूळ ध्वनिपट्टीत ऐकून ओळखणारा कलाकार डबिंग दिग्दर्शकाचा वेळ वाचवतो. तेव्हा सोलापूरच्या तेलुगूभाषक कलाकाराने मुंबईतील डबिंग समन्वयकाला, म्हणजे स्टुडिओ व कलाकार यांच्यामध्ये राहून पात्रांसाठी आवाज जुळवून देणाऱ्या मध्यस्थाला लिहिताना ही बाब पहिल्या वाक्यात लिहावी. आपण लहानपणापासून कलेची आवड जोपासली आहे, हे वाक्य समन्वयकाने शंभर वेळा वाचलेले असते.

बोलीच्या बाबतीत थोडी सावधगिरी हवी. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) आणि ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटांतून या जिल्ह्याची बोली साऱ्या महाराष्ट्राने ऐकली, आणि ग्रामीण बोली केवळ विनोदासाठी असते हा समज बराच मागे पडला. डाळिंबबागेतील फवारणी, ठिबक सिंचन किंवा पीक विमा यांविषयीच्या ध्वनिफितीत शेतकऱ्याला आपल्या बांधावरचा वाटणारा आवाज अधिक विश्वासाचा ठरतो. केगाव येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र असलेल्या आणि मंगळवेढ्याची ज्वारी पिकवणाऱ्या या जिल्ह्यात शेतीविषयक ध्वनिचित्रफितींना विषयांची वाण नाही. परंतु बोली ही निवड असली पाहिजे, सवय नव्हे. जो कलाकार प्रमाण मराठीत बँकेची सूचना निर्दोष वाचतो आणि मागणी येताच सोलापुरी बोलीत शेतकऱ्याशी बोलतो, त्याची बोली हे कौशल्य मानले जाते. ज्याला प्रमाण भाषेत ‘न’ आणि ‘ण’ यांतला भेद राखता येत नाही, त्याची तीच बोली उणीव ठरते. गिऱ्हाइकाला हा फरक कळावा म्हणून दोन्ही नमुने स्वतंत्र आणि शेजारी-शेजारी ठेवावेत.

नमुना, ज्याला व्यवसायात डेमो म्हणतात, तो म्हणजे कलाकाराच्या आवाजाची थोडक्यात ओळख करून देणारी ध्वनिफीत. काम देणाऱ्याच्या हाती अनेकांचे नमुने असतात आणि पहिल्या काही सेकंदांत त्याचे मत बनू लागते. म्हणून सर्वोत्तम तुकडा सुरुवातीला असावा, नाव सांगण्यात व संगीत वाजवण्यात वेळ जाऊ नये आणि एकूण लांबी मिनिट-दीड मिनिटाच्या पुढे जाऊ नये. अनेक नवोदित सर्व प्रकार एकाच फितीत कोंबतात, आणि त्यामुळे रुग्णालयाच्या व्यवस्थापकाला फटाक्यांच्या जाहिरातीतली आरोळी ऐकून मग सौम्य सूचनेपर्यंत पोहोचावे लागते. जाहिरात, माहितीपट, दूरध्वनी सूचना, कथावाचन आणि डबिंग यांच्या फिती वेगवेगळ्या हव्यात, आणि फाइलच्या नावातच कलाकाराचे नाव, भाषा व प्रकार असावा, म्हणजे महिन्यानंतर शोधणाऱ्याला ती सापडते. हाती पूर्वीचे काम नसेल तर स्वतः लिहिलेल्या मजकुराचा नमुना करण्यात गैर काहीच नाही; मात्र एखाद्या नामांकित उत्पादनाची जाहिरात पुन्हा वाचून ती आपण केलेली असल्याचा भास निर्माण करणे ही फसवणूक आहे. नामवंत नटांच्या नकलांनी भरलेला नमुनाही टाळलेला बरा. त्याने ऐकणारा खूश होतो, पण कलाकाराचा स्वतःचा आवाज त्याच्या लक्षात राहत नाही. शिवाय अमिताभ बच्चन यांचे नाव, प्रतिमा आणि आवाज यांच्या परवानगीविना होणाऱ्या व्यापारी वापराला दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अंतरिम आदेशाने मनाई केल्यानंतर अशा नकलेचे काम देणारा व घेणारा दोघेही कायदेशीर जोखीम पत्करतात.

नमुना ऐकताना आवाजाबरोबर खोलीही ऐकू येते. ध्वनिपुस्तकांच्या क्षेत्रात प्रचलित असलेल्या एका मापदंडानुसार कोणी बोलत नसताना फितीत उरणारा पार्श्वगोंगाट उणे ६० डेसिबलच्या खाली असावा लागतो, आणि पूर्व भागात शेजारी यंत्रमाग चालू असताना ही अट पाळणे जवळजवळ अशक्य असते. भिंतीवर जाड सोलापुरी चादरी किंवा गोधड्या टांगल्याने खोलीतला घुमारा निश्चितपणे कमी होतो, कारण कापड उंच पट्टीचे ध्वनी शोषून घेते. परंतु मागाचा खालच्या पट्टीतील ठोका आणि जमिनीतून येणारा कंप त्याने थांबत नाही. त्यावर माग बंद असण्याच्या वेळा पाहून काम करणे किंवा शहरातील एखाद्या ध्वनिमुद्रण स्टुडिओशी तासांच्या दराने कायम बोलणी करून ठेवणे, हे दोन प्रामाणिक उपाय आहेत. महागडा माइक हा उपाय नव्हे. संवेदनशील माइक शेजारचा माग अधिकच स्पष्ट टिपतो.

गिऱ्हाइकापर्यंत पोहोचण्याच्या मार्गांत सर्वाधिक दुर्लक्षित मार्ग मध्यस्थांचा आहे. गणवेश बनवणारा कारखानदार थेट आवाज कलाकार शोधत नाही. तो व्हिडिओ बनवणाऱ्याला बोलावतो, आणि आवाज कोणाचा हे तो व्हिडिओ बनवणारा ठरवतो. त्यामुळे छायाचित्रण व संकलन करणारे व्यावसायिक, जाहिरात संस्था, स्थानिक वृत्तवाहिन्या, कार्यक्रम आयोजक, प्रचाराच्या रिक्षांसाठी ध्वनिफिती करून देणारे स्टुडिओ आणि शिकवणी वर्गांचे अभ्यासक्रम चित्रित करणारे लोक, या तुलनेने लहान वर्तुळाशी नाते जुळले, तर एकेका नात्यातून वर्षभर कामे येत राहतात. त्यांना पाठवायचा संदेश चार ओळींचा असावा: नाव व गाव, कोणत्या भाषांत आणि कोणत्या प्रकारचे वाचन, किती वेळात फाइल मिळेल, आणि नमुन्यांचा एक दुवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पन्नास जणांना एकच मजकूर रवाना करण्यापेक्षा, पाच जणांचे अलीकडचे काम पाहून त्याविषयी नेमके लिहिलेले पाच संदेश अधिक उपयोगी पडतात. उत्तर आले नाही तर पंधरा-वीस दिवसांनी एखादा नवा नमुना जोडून पुन्हा एकदा लिहावे. त्यात कमीपणा नाही, कारण पहिल्या संदेशाच्या दिवशी त्या माणसाकडे काम नसणे हीच बहुधा मौनामागची गोष्ट असते.

या लिहिण्याला सोलापूरचे स्वतःचे पंचांग आहे. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, उन्हाळ्यात शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश व गणवेशांची खरेदी, त्यानंतर पंढरपूरची आषाढी, पुढे गणेशोत्सव, दिवाळी आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगाम, असा वर्षाचा क्रम आहे, आणि प्रत्येक प्रसंगाच्या जाहिराती व सूचना त्याच्या चार-सहा आठवडे आधी ठरू लागतात. यात्रेच्या आठवड्यात संपर्क साधणाऱ्याला यात्रेचे काम मिळत नाही. निवडणुकीच्या हंगामात प्रचाराच्या ध्वनिफितींची झुंबड उडते, पण ध्वनिसंदेशासारख्या इलेक्ट्रॉनिक माध्यमातील राजकीय जाहिरातींना माध्यम प्रमाणन समितीची पूर्वमान्यता लागत असल्यामुळे मान्य झालेला मजकूर हाती आल्याशिवाय अंतिम मुद्रण करू नये आणि मजकूर बदलल्यास पुन्हा वाचण्याचे मानधन आधीच ठरवून घ्यावे.

ओळख नसलेल्या गिऱ्हाइकाने चाचणी म्हणून दोन-तीन ओळी वाचून मागणे रास्त आहे. संपूर्ण जाहिरात ‘नमुन्यादाखल’ फुकट मागणे रास्त नाही. विनामूल्य वाचण्याची इच्छाच असेल तर दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करणाऱ्या संस्थांकडे जावे, तेथे तासन्‌तास एकाच दमसासाने वाचण्याची जी सवय लागते ती ध्वनिपुस्तकांच्या कामात थेट उपयोगी पडते. स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी २०१७ मध्ये भारतात आल्यापासून मराठी ध्वनिपुस्तकांचे दालन रुंदावले आहे, आणि अशा कामांत सुंदर आवाजापेक्षा शेवटच्या प्रकरणापर्यंत न बदलणारा आवाज मोलाचा ठरतो. याउलट काम मिळवून देण्यासाठी कलाकाराकडूनच आधी नोंदणी शुल्क मागणाऱ्यांपासून दूर राहावे.

पहिले काम नमुन्याने मिळते, दुसरे पहिल्या कामाच्या वागणुकीने. मजकूर हाती येताच गावांची, औषधांची आणि व्यक्तींची नावे कशी उच्चारायची हे विचारून घेणारा, तीस सेकंदांच्या जागेत नव्वद शब्द लिहिलेले असतील तर मुद्रणाआधीच ते नम्रपणे निदर्शनास आणणारा, सांगितलेल्या वेळेपूर्वी स्वच्छ फाइल पाठवणारा आणि स्वतःच्या चुकीचा रिटेक, म्हणजे फेरवाचन, विनातक्रार देणारा कलाकार व्हिडिओ बनवणाऱ्याची चिंता कमी करतो. आपले काम निर्धोक पार पडेल ही खात्री गिऱ्हाईक विकत घेत असते, आणि तिच्यासाठी ते थोडे अधिक पैसेही मोजते. झालेल्या कामाची फीत आपल्या संग्रहात ठेवण्याची परवानगी त्याच वेळी लेखी घ्यावी. पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी याहून प्रभावी साधन नाही.

मानधन ठरवताना किती मिनिटे वाचले एवढेच पाहण्याची चूक सर्वत्र होते. दहा सेकंदांचे वाक्य एका दुकानाच्या दारात महिनाभर वाजणार की राज्यभरच्या वाहिन्यांवर वर्षभर, यावर त्याचे मोल अवलंबून असते. म्हणून देयकावर माध्यम, प्रदेश आणि मुदत या तीन बाबी लिहिलेल्या असाव्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ३८ सादरकर्त्याला स्वतंत्र हक्क देते, त्याची मुदत ५० वर्षांची आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीने हा हक्क अधिक बळकट झाला; सादरकर्ता या संज्ञेची कायद्यातील व्याख्या इतकी व्यापक आहे की तिच्यात नट-गायकांबरोबर गारुडीही येतो. थकलेल्या पैशांसाठीही कायद्याचा आधार आहे. उद्यम नोंदणी केलेला कलाकार सूक्ष्म उद्योगाच्या सेवा पुरवठादारांत मोडतो, आणि २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार अशा पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. स्थानिक गिऱ्हाइकावर कायदा उगारण्याची वेळ क्वचितच येते, परंतु देयकावर उद्यम क्रमांक छापलेला असला की पुष्कळ पैसे वेळेवर येतात.

आता एक नवी मागणी येऊ लागली आहे आणि तिचे स्वरूप ओळखणे अगत्याचे आहे. यंत्राला बोलायला शिकवण्यासाठी कलाकाराकडून हजारो वाक्ये वाचून घेतली जातात, आणि त्यांवरून त्याच्या आवाजाची प्रतिकृती तयार झाली की न वाचलेले वाक्यही त्याच्याच आवाजात निघू शकते. गायक अरिजित सिंग यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिलेल्या अंतरिम आदेशात परवानगीविना अशा कृत्रिम प्रतिकृतीला मनाई केली; परंतु जेथे कलाकाराने स्वतःच करारावर सही करून परवानगी दिली आहे, तेथे हा आधार दुबळा पडतो. तेलुगू, कन्नड, दखनी आणि सोलापुरी मराठी यांसारख्या कमी ध्वनिमुद्रित भाषा-बोलींची या कामात विशेष गरज असते, म्हणजेच सोलापूरच्या कलाकारांकडे असे प्रस्ताव येण्याचा संभव अधिक आहे. ते सरसकट नाकारण्याचे कारण नाही, कारण आपली भाषा यंत्राला यावी ही इच्छा योग्यच आहे. मात्र एकरकमी मानधनाच्या मोबदल्यात हा आवाज कोणत्या कामासाठी, किती काळ आणि कोणाला वापरता येणार, जाहिरात किंवा राजकीय प्रचार यांना तो देता येणार का, आणि पुढे माघार घेण्याची सोय आहे का, हे करारात मराठीत लिहून मागावे, आणि ते लिहून मिळेपर्यंत एकही फाइल पाठवू नये.